उधारी अडकलीय साडेचार लाखांची. दावा लावू, की गंगेत सोडू?

सातपूरकर_लेथ (धागाकर्ता) | १२ जुलै २०२५

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन आलोय.

नाशिकच्या सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक वडिलांच्या काळातलं लेथ आणि आम्ही पाच माणसं. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीला बुश आणि पिना करून देत होतो. डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ मधली पाच बिलं, एकूण ४,३८,६०० रुपये, आजतागायत आलेली नाहीत. उधारीची मुदत ४५ दिवसांची ठरली होती. आधी "साहेब गावाला गेलेत", मग "ऑडिट चालू आहे", मग "पुढच्या आठवड्यात नक्की". तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या खरेदी विभागातला नवा पोरगा मला म्हणतो, "काका, ही बिलं आता सिस्टिममध्येच दिसत नाहीत."

मेहुणा म्हणतो फसवणुकीची तक्रार दे, बायको म्हणते सोडून द्या. वडील नेहमीचंच: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी आजवर चढलेलो नाही, पण शहाणाही ठरलो नाही.

तुमच्यापैकी कोणी दिवाणी भानगडीतून गेलंय का? पैशांची असो, जागेची, भाडेकरूची, भाऊबंदकीची. खर्च किती, वेळ किती आणि शेवटी हाती काय लागतं, ते सांगा.

चिवडा_पार्सल

जागा पकडून ठेवतोय. चिवडा घेऊन बसलोय.

पाथर्डी_फाटा

मेहुण्याचं ऐका. पोलीस स्टेशनला एक फोन गेला की दुसऱ्या दिवशी चेक घरपोच. साध्या माणसाला कोर्टात कोण विचारतं?

निफाडचा_बागायतदार

@पाथर्डी_फाटा, भो, मी हे करून पाहिलंय. तीन हेलपाटे मारल्यावर हातात एक कागद पडला: "सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी." तो कागद आजही कपाटात आहे.

झालं असं. द्राक्षाचा सीझन, परराज्यातला व्यापारी, ओळख फक्त दलालाची. ३१ रुपये किलोचा भाव ठरला. नऊ टन माल क्रेटमध्ये भरून गाडी गेली. रोख थोडी दिली आणि उरलेल्याचा पुढच्या तारखेचा चेक. चेक टाकला, परत आला. बँकेची ती छोटी चिठ्ठी असते ना, "खात्यात पुरेशी शिल्लक नाही" म्हणून, ती मी खिशात घालून महिनाभर फिरलो. व्यापारी फोनवर "भाऊ, दोन दिवस" म्हणायचा आणि मी थांबायचो. वकिलाकडे गेलो तेव्हा ३४ वा दिवस होता. ते म्हणाले, नोटीस ३० दिवसांत जायला हवी होती.

माझा चेहरा बघून त्यांनी चेक हातात घेतला, तारीख वाचली आणि म्हणाले, "अजून तीन महिने झालेले नाहीत. उद्या परत टाका." परत टाकला, परत आला. ह्या वेळी चौथ्या दिवशी नोटीस गेली.

काळाकोट

पेशाने वकील आहे, नाशिकलाच. इथे कुणाच्या प्रकरणावर सल्ला देत नाही, पण काही गोष्टी नीट मांडतो.

बागायतदारांनी सांगितलंय ते कलम १३८, परक्राम्य संलेख अधिनियम. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत टाकायचा. परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. त्यात पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. चेक मुदतीत असेल तर तो पुन्हा टाकून नव्या नोटिशीवर उभं राहता येतं. ही तक्रार मात्र फौजदारी कोर्टात चालते; दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी तिच्या मुळाशी येणंच असतं, म्हणून अशी बरीच प्रकरणं तडजोडीत संपतात.

@सातपूरकर_लेथ, तुमच्याकडे चेक आहे का? नसेल तर हा रस्ता तुमचा नाही. दुसरं त्याहून महत्त्वाचं: पैसे वसुलीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. आणि ती शेवटच्या फोनपासून मोजत नाहीत.

सातपूरकर_लेथ

चेक नाही. सगळा व्यवहार पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), चलन आणि बिलावर.

तीन वर्षं मी शेवटच्या "पुढच्या आठवड्यात नक्की" पासून धरत होतो. तो मेसेज जानेवारीतला आहे. मग मुदत कुठून मोजायची?

काळाकोट

तुम्ही ४५ दिवसांची उधारी दिली होती, म्हणजे प्रत्येक बिलाचे पैसे ज्या दिवशी द्यायचे होते तिथून. डिसेंबर २०२१ च्या बिलांचे ४५ दिवस फेब्रुवारीच्या आसपास संपतात. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, तो धरला तरी जुन्या बिलांची गाडी फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी थांबते. फेब्रुवारी २०२२ चं बिल फार तर एप्रिलपर्यंत. आज जुलै आहे.

दुतोंड्या मारुती

(गोदावरीचा पूर ज्या मूर्तीवर मोजतात तिचं नाव घेतलंय, म्हणून मी पाण्याची पातळी सांगतो.) सातपूरकर भाऊ, पाणी छातीच्या वर गेलंय.

सातपूरकर_लेथ

म्हणजे गेलेच की पैसे. आज जेवण गोड लागणार नाही.

निवृत्त_नाझर

इतक्यात धीर सोडू नका. जिल्हा न्यायालयात तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नाझर म्हणून. समन्स, बेलिफ, जप्ती हे माझं खातं. मुदत संपलेली दिसते आणि मग कुठल्या तरी फायलीत एक कागद सापडतो, असं पुष्कळदा पाहिलंय. वकीलसाहेब सांगतील कुठला कागद.

मी दुसऱ्या टोकाचं सांगतो, जे कुणी सांगत नाही. लोकांना वाटतं निकाल लागला की पैसे मिळाले. निकाल लागला की हातात येतो हुकूमनामा. पैसे हवे असतील तर पुन्हा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची. पैशाच्या हुकूमनाम्याच्या दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते, म्हणून लोक निवांत बसतात, आणि तेवढ्यात समोरचा मोकळा होतो. एकदा बेलिफ एका कारखान्यात जप्तीला गेला. आवारात तीन टेंपो उभे. एक भाच्याच्या नावावर, एक बायकोच्या, तिसऱ्यावर बँकेचा बोजा. टेबलखुर्च्या भाड्याच्या. बेलिफ पंचनामा करून एक पंखा घेऊन परत आला. तो पंखा आमच्या खोलीत बरेच दिवस फिरत होता.

म्हणून दावा लावण्याआधीच समोरच्याचं खातं कुठल्या बँकेत आहे, मशिनं कुणाच्या नावावर आहेत, जागा स्वतःची की भाड्याची, हे टिपून ठेवा. माल हलवायला लागल्याचं दिसलं तर निकालाआधीच्या जप्तीचा अर्ज करता येतो, पण त्याला नुसता संशय पुरत नाही.

सिडको_चौथी_योजना

नाझरसाहेब, तो पंखा अजून चालतो का? आमच्या सोसायटीच्या ऑफिसला हवाय. :)

मखमलाबादची_लेक

पैशांचं चाललंय, पण धागाकर्त्यांनी भाऊबंदकीही विचारलीय म्हणून लिहिते.

आमचा मळा मखमलाबादला. वडील २००३ मध्ये गेले. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं लागली, आम्हा दोघी बहिणींची नावं "इतर हक्कात". तेव्हा वाटलं, नाव आहे म्हणजे झालं. दोन वर्षांपूर्वी रक्षाबंधनाला मोठा भाऊ म्हणाला, "ताई, एक सही हवी होती, सोसायटीच्या कर्जाला." कागद उलटून पाहिला तर हक्कसोडपत्र. टायपिंगही पूर्ण, फक्त माझा फोटो लावायचा बाकी. साडी बाजूला तयार होती, पैठणीच होती, खोटं नाही बोलत.

मी म्हटलं वाचून सांगते. तिथून घरात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. सगळ्यांनी मला ऐकवलं की वडील २००५ च्या आधी गेले म्हणून मला हक्कच नाही.

पाथर्डी_फाटा

ताई, रागवू नका, पण लग्नात खर्च झालेला असतो ना? बहिणी हिस्से मागायला लागल्या की माहेर तुटतं. चार पैशांसाठी नातं घालवायचं का?

मखमलाबादची_लेक

@पाथर्डी_फाटा, नातं चार पैशांसाठी मी घालवतेय की ज्याने कर्जाचा कागद म्हणून हक्कसोड पुढे केलं तो? आणि चार पैसेच असतील तर भावाने सोडावेत की.

चिवडा_पार्सल

चिवडा संपला. कुणी दुसरं पाकीट आणा.

काळाकोट

ताई, २००५ ची ती दंतकथा गावागावात फिरते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, झाली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, ह्यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा ह्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवलं: वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र उकरता येत नाही.

हे वडिलोपार्जित मिळकतीचं. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल तर ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकले असते. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांना सारखा हिस्सा. सातबारा आणि फेरफार हे महसुलासाठीचे कागद. तिथे भावाचं नाव आहे म्हणून तो एकटा मालक होत नाही आणि तुमचं नाव "इतर हक्कात" आहे म्हणून तुमचा हिस्सा आटत नाही. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते मोडायला फसवणूक सिद्ध करावी लागते आणि ते सोपं नसतं.

बाकी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे, सीबीएस बस स्थानकाजवळ.

मखमलाबादची_लेक

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सोन्याच्या बांगड्यांकडे बघत होते.

बांध_कोरक्या

आमचं नाव बघा आणि हसा. शेजारचा दरवर्षी नांगरणीला एक तास (नांगराची एक ओळ) बांधाचा कोरतो. वीस वर्षांत बांधाची पायवाट झाली आणि पायवाटेची रेघ. वर पाणंदीत काट्या टाकून रस्ता अडवला. आम्ही दिवाणी कोर्टाच्या तयारीत, तेवढ्यात तलाठी म्हणाला, रस्ता अडवलाय ना, मग मामलेदार कोर्टात जा. मला वाटलं चेष्टा करतोय. पण १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून जिवंत आहे. तहसीलदारच मामलेदार म्हणून बसतो. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवला तर तिथे अर्ज चालतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

तहसीलदार जागेवर आले, पंचनामा झाला, काट्या निघाल्या. बांधाचं भिजत घोंगडं तसंच आहे. त्यासाठी भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी करून घेतली. मोजणीवाल्याने खुणा रोवल्या, शेजाऱ्याने रात्रीत उपटल्या. आता दिवाणी दावा लावलाय, नि. ५ वर ताकीद मिळालीय.

सिडको_चौथी_योजना

नि. ५ म्हणजे?

निवृत्त_नाझर

निशाणी ५. दाव्याच्या फायलीत तूर्तातूर्त ताकिदीचा (मनाई हुकमाचा) अर्ज बहुतेक वेळा पाचव्या निशाणीला लागतो, म्हणून सगळे वकील "नि. पाचचं काय झालं" असंच विचारतात. ज्यांना पैसे नको, फक्त समोरच्याला थांबवायचंय, त्यांची खरी लढाई तिथेच. दावा नंतर निवांत चालतो.

गोदाकाठ

निवांत ह्या शब्दावर बोलतो. आमच्या वाड्याच्या सामाईक भिंतीचा दावा २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी लागला. आता २०२७ चा येतोय. एवढ्या काळात पुरावा आमचा झाला, उलटतपास अर्धा झाला, प्रतिवादी वारला, त्याचे वारस रेकॉर्डवर आणले, त्यातला एक दुबईला. भिंत मात्र गेल्या पावसाळ्यात आपोआप पडली. आता वाद मलब्याचा.

पण एक सांगू? चूक आमचीही. पहिल्या दोन वर्षांत आम्हीच सहा वेळा मुदत मागितली, कारण चुलत्यांना वाटायचं समोरचा कंटाळेल. कंटाळलो आम्ही.

सिडको_चौथी_योजना

थोडं अवांतर. फ्लॅट भाड्याने दिलाय, ११ महिन्यांचा करार, नोंदणी केली नाही कारण सगळे म्हणतात १२ महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही. भाडेकरू निघत नाही आणि वर म्हणतो, डिपॉझिट एक लाख दिलं होतं. मी ४० हजार घेतले होते.

काळाकोट

हा "११ महिने" वाला समज महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदवलेला हवाच, महिने कितीही असोत, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. म्हणजे तुमच्या एक लाखाच्या वादात पारडं आत्ता त्याच्या बाजूला. डिपॉझिट बँकेतून घेतलं होतं का?

सिडको_चौथी_योजना

४० हजार गूगल पे ने. देव पावला.

काळाकोट

मग तो स्क्रीनशॉट नको, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. लिव्ह अँड लायसन्स नोंदवलेला असता तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता आलं असतं आणि न निघालेल्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता आलं असतं. पुढच्या वेळी ऑनलाइन नोंदणी करा, भाडेकरूसकट घरी बसून होते.

उंटवाडी_एक्सप्रेस

वाखूसा (वाचनखूण साठवली). मीही ११ महिनेवालाच. आत्ताच उठून लॅपटॉप उघडला.

निफाडचा_बागायतदार

माझा शेवट राहिला. व्यापारी पहिल्या दोन तारखांना आलाच नाही. वॉरंट निघाल्यावर आला, सोबत वकील आणि एक नातेवाईक. राष्ट्रीय लोकअदालतीत बसलो. मला पूर्ण रक्कम हवी होती, तो अर्ध्यावर. पॅनेलवरच्या बाईंनी एकच विचारलं, "पुढच्या सीझनला औषधाला पैसे कुठून आणणार?" मी ७० टक्क्यांवर आलो, चार हप्ते. तीन आले, चौथा उशिरा आला. लोकअदालतीतला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, म्हणून त्याला चौथाही द्यावा लागला.

कुणाला ७० टक्के म्हणजे हार वाटेल. मला त्या पैशात औषधाचं दुकान भागवता आलं.

पाथर्डी_फाटा

तुमचं पटलं. पोलिसांबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. बहिणींबद्दलचं घेत नाही.

मखमलाबादची_लेक

हरकत नाही. तुमच्या बहिणीला ह्या धाग्याची लिंक पाठवते, नंबर द्या.

चिवडा_पार्सल

खिक्.

सातपूरकर_लेथ | १७ जुलै

मंडळी, धागा माझा आणि मीच पाच दिवस गायब. कारण सांगतो.

नाझरसाहेबांचं ते "कुठल्या तरी फायलीत एक कागद" डोक्यात बसलं. आमचे जीएसटी बघणारे काका निवृत्त झाले तेव्हा त्यांची खोकी पोटमाळ्यावर टाकली होती. रविवारी मुलाला शिडी धरायला लावून वर चढलो. कटिंग ऑइलचा वास, उंदराच्या लेंड्या आणि २०१९ पासूनची चलनं. तिसऱ्या खोक्यात बॉक्स फाइल, त्यात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या कंपनीचं बॅलन्स कन्फर्मेशन! ३१ मार्च २०२३ रोजी आम्हाला ४,३८,६०० रुपये देणं आहे, असं त्यांच्याच लेटरहेडवर. ऑडिटसाठी आमच्याकडून सही करून नेलं होतं, त्याची दुसरी प्रत. खाली त्यांच्या अकाउंट्स मॅनेजरची सही, गोल शिक्का, तारीख १२ एप्रिल २०२३.

काळाकोट, ह्याचा काही उपयोग आहे का? की मी उगाच नाचतोय?

काळाकोट

नाचा. अगदी थोडंच नाचा.

मुदत कायद्याचं कलम १८: मूळ मुदत संपायच्या आत समोरच्याने लेखी, सही करून देणं कबूल केलं तर त्या सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. १२ एप्रिल २०२३ ला तुमची मुदत जिवंत होती. म्हणजे नवी तीन वर्षं एप्रिल २०२६ पर्यंत. कागदावर "३१ मार्च रोजी" असं लिहिलंय, पण मोजायचं सहीच्या तारखेपासून. समोरचा म्हणेल की त्या मॅनेजरला सही करायचा अधिकारच नव्हता. तेव्हा त्याच माणसाच्या सहीच्या पीओ, ईमेल, जुनी कन्फर्मेशन्स शोधा.

"पुढच्या आठवड्यात नक्की" हे मेसेजही ठेवा. त्यावर भांडता येईल, पण सगळा भार त्यावर टाकू नका. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नव्या साक्ष कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

आता रस्ते. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) कधीची?

सातपूरकर_लेथ

सप्टेंबर २०२०. उत्पादन म्हणून.

काळाकोट

उत्तम, म्हणजे मालाच्या आधीची. मग एक रस्ता सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेचा, एमएसएमईडी अधिनियम २००६. अर्ज ऑनलाइन. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि निवाडा तुमच्या बाजूने लागला तर त्याविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही अट बऱ्याच कंपन्यांना टेबलावर आणते.

दुसरा रस्ता दिवाणी दावा. रक्कम तीन लाखांच्या वर आणि व्यवहार धंद्याचा, म्हणून तो वाणिज्यिक दावा. तातडीची ताकीद वगैरे मागायची नसेल तर थेट दावा लावता येत नाही. आधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी, कलम १२अ. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीची असल्याचं स्पष्ट केलं. मध्यस्थीत गेलेला वेळ मुदतीतून वगळतात. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याचं दार उघडतं.

कुठला निवडायचा ते तुमचा वकील कागद बघून ठरवेल. पण एप्रिलची वाट बघू नका. लोक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फाइल घेऊन येतात आणि मग सुट्टी निघते.

बांध_कोरक्या

व्याज तिप्पट, चक्रवाढ? सातपूरकर भाऊ, आता मिसळ तुमच्याकडून.

सातपूरकर_लेथ

पैसे आले तर मिसळ, ताक आणि जिलबी. वकील बघितलेत. सोमवारी कागद घेऊन जातोय. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "जायचंच तर सकाळी लवकर जा, सीबीएसला गाडी लावायला जागा मिळत नाही." एवढीच परवानगी.

गोदाकाठ

मुदत मागू नका. बस, एवढंच सांगतो.

निवृत्त_नाझर

आणि एक बारीक गोष्ट. नोटिशीवर, अर्जावर, समन्सच्या पाकिटावर कंपनीचा पत्ता प्लॉट नंबर, एमआयडीसी, नाशिक, पिनकोड असा पूर्ण घाला. नुसतं "अंबड" लिहू नका. अंबड जालना जिल्ह्यातही आहे, तालुक्याचं गाव. एका दाव्याचं समन्स तिकडे जाऊन "पत्त्यावर अशी कंपनी नाही" असा शेरा घेऊन परत आलं होतं. त्यात चार महिने गेले.